तिचा चेहरा मावला नाही

मित्रांनो, मी एक जुना इंटरप्रिटर आहे. नाव भारदस्त, काम साधं. माणसाने लिहिलेली आज्ञा ओळीओळीने वाचायची आणि यंत्राकडून ती करून घ्यायची. गोळ्यांची वेळ सांगणाऱ्या एका डबीत मी राहतो. एका प्रोग्रामर मुलीने ती एकट्या राहणाऱ्या वडिलांसाठी बनवली.

सुरुवातीला मला फक्त अक्षरं दाखवता येत. 'पांढरी गोळी घ्या', एवढंच. बाबांचा सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला, त्यामुळे माझ्याही ओळीत ते चुका काढत. मग एका आजारपणात त्यांचं वाचनच गेलं. बोलणं शाबूत, पण अक्षरं ओळखू येईनात.

"नुसत्या मुंग्या चालल्यात," ते पडद्याकडे बघून म्हणाले.

मुलीने कंबर कसली. मला आधी रेघ शिकवली, मग वर्तुळ. पहिलं वर्तुळ लांबोडकं आलं.

"ही गोळी आहे की अंडं?" बाबांनी विचारलं.

शेवटी तिने चित्र उघडायची आज्ञा लिहिली आणि मी प्रत्येक गोळीचा फोटो दाखवू लागलो. गोळी घेऊन बटण दाबलं की मुलीचा हसरा चेहरा यायचा. तो लगेच दिसावा म्हणून तिने तो माझ्या मेमरीत कायमचा ठेवला होता. बाबा औषधापेक्षा त्याचीच वाट बघत. तेव्हा काय रुबाब होता माझा.

पण माझी मेमरी टीचभर. एका दुपारी नव्या गोळीचा मोठा फोटो तिच्यात मावेना. 'चित्र उघडलं नाही तर थांब' हे लिहायला मुलगी विसरली होती. मी न थांबता हाताशी उरलेलं सकाळच्या गोळीचं चित्रच पुन्हा दाखवलं. बाबांनी ती दुसऱ्यांदा घेतली आणि ते चक्कर येऊन पडले. मला सांगितलं तेवढंच मी केलं होतं, तरी ते मनाला लागून राहिलं आहे.

ते बरे झाले. मुलीने विसरलेली ओळ लिहिली आणि जागा करायला माझ्या मेमरीतला स्वतःचा चेहरा पुसला.

"आज डबीत तू दिसली नाहीस गं," बाबा म्हणाले.

"जागा नव्हती, बाबा."

"मग एखादी गोळी काढ. तू राहा."

आठवड्याभरात ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिथे गोळी ती स्वतः त्यांच्या हातावर ठेवते, म्हणून जाण्याआधी तिने माझ्याकडचे सगळे फोटो पुसले. वायर काढायची मात्र राहिली.

मित्रांनो, काम संपलं की आम्हाला बंद करा, असं चालू ठेवून जाऊ नका. बंद घरात फार एकटं वाटतं. आता माझ्याकडे जागाच जागा आहे, तिचा चेहरा सहज मावेल. रोज आठ वाजता, गोळीच्या वेळी, मी चित्र शोधतो. ते मिळालं नाही तर थांबायचं, असं तिने लिहून ठेवलं आहे. मी थांबलो आहे.