शेवटच्या बाकावरून

"उपदेश लिहून झाला की तो दुसऱ्याच्या तोंडून ऐक. आणि ऐकायला शेवटच्या बाकावर जाऊन बस."

निवृत्त होताना थोरल्या पाळकांनी चर्चच्या किल्ल्या हातात देत एवढंच सांगितलं होतं. धाकट्या पाळकांनी ते नेमाने पाळलं. दर शनिवारी दुपारी गायनवर्गाच्या ताई व्यासपीठावरून त्यांचा उपदेश वाचायच्या आणि ते मागे बसून ऐकायचे.

"रविवारी तुमचा आवाज मागेपर्यंत पोचतो हो," ताई म्हणायच्या, "अर्थ मात्र मधेच कुठेतरी दम खात बसतो."

त्या शनिवारी विषय होता गर्भपात. यावर एकदा कडक बोलाच, म्हणून मंडळीतली वडीलधारी माणसं पाळकांच्या मागे लागली होती. त्यांनीही आठवडाभर घासूनपुसून लिहिलं होतं.

ताईंनी चष्मा लावला, घसा खाकरला. पहिलं पान झरझर गेलं. दुसऱ्या पानावर, "ज्या आईने स्वतःच्या सोयीसाठी पोटच्या जिवाकडे पाठ फिरवली, तिला..." इथे आवाज बंद झाला.

"माईक गेला वाटतं," म्हणत पाळक उठले. भिंतीजवळची वायर हलवली, बटण खालीवर केलं. "हं, बोला आता."

"माईक चालू आहे, पाळकसाहेब."

अगदी हळू म्हटलेले ते शब्द रिकाम्या बाकांवरून फिरून त्यांच्यापर्यंत आले. वायर हातातच राहिली.

ताई खाली उतरल्या आणि शेवटच्या बाकावर येऊन बसल्या.

"माझी धाकटी तेव्हा अजून पाऊल टाकत नव्हती. ह्यांचं काम सुटलेलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दवाखान्यात एकटीच गेले, एकटीच आले. येऊन संध्याकाळचा स्वयंपाक केला. त्यात सोय कुठे होती, ते मला अजून सापडलेलं नाही."

"मला ठाऊक नव्हतं, ताई."

"ठाऊक असतं तर माझ्याकडून वाचून घेतलं नसतंत. उद्या इथे बसून ऐकलं असतं मी, एवढाच फरक." त्यांनी चष्मा पदराने पुसला. "मला बरोबर-चूक शिकवू नका. देवाशी माझं रोज बोलणं होतं, ते आमचं आम्ही बघू. पण हे उद्या वाचलंत, तर गाणं सुरू करून देईन आणि मागच्या दाराने निघेन. पुन्हा पाऊल आत पडेलसं वाटत नाही."

पाळकांनी हातातली वायर खाली ठेवली आणि ते त्यांच्या शेजारी बसले. "मग काय म्हणू मी?"

"म्हणा, सोबत लागली तर हाक मारा. आणि कोणी मारलीच, तर जा. तिथे उपदेश नेऊ नका."

"जाईन. शब्द देतो."

रविवारी पाळक कागदाशिवाय उभे राहिले. "जीव अनमोल आहे असं मी मानतो," ते म्हणाले. "पण इथे बसलेल्या एखादीचा जीवही त्यातच आला. तिने काय सोसलं, हे मी कधी विचारलं नाही, आणि निकाल मात्र लिहून बसलो होतो. त्याबद्दल तिची क्षमा मागतो. कोणाला सोबत हवी असेल, तर हाक मारा. मी येईन."

"झालं? एवढंच?" पुढच्या बाकावरचे काका जरा मोठ्यानेच पुटपुटले.

ताईंनी गाणं सुरू केलं. शेवटच्या कडव्यापर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी सकाळी गल्लीतली शिवणकाम करणारी बाई पाळकांच्या घराच्या फाटकाशी आली. आत येईना, कडीशी चाळा करत राहिली.

"आज डॉक्टरांनी बोलावलंय. काय करायचं ते ठरत नाहीये अजून. तुम्ही म्हणाला होतात..."

"हो, म्हणालो होतो. ताईंना घेऊ बरोबर?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

पाळकांनी चहाचा थर्मास पिशवीत ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि फाटक हलकेच ओढून घेतलं. ताईंच्या घराच्या दिशेने चालताना त्यांनी आपली चाल तिच्याइतकी हळू केली.