पुसायचं राहिलं

हे लिहायचंच नाही, असं लिफ्टवाल्याने ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. पण मन खात होतं, म्हणून तिसऱ्यांदा बसला.

दिवसा लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन जुनी घड्याळं खोलायची, हा त्याचा नाद. शिकला सगळं मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये, आणि आता त्याच ग्रुपचा ॲडमिन होता. कुणी पाठदुखीचा विषय काढला की दहा जण दहा औषधं सांगायचे. वैतागून त्यानेच नियम केला: 'इथे फक्त घड्याळं. आजारपणाचे प्रश्न पुसून टाकले जातील.'

छापखान्यातून निवृत्त झालेले काका ग्रुपमधले सगळ्यांत जुने. एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'डोळ्याला भिंग लावलं की कडेने काळा पडदा येतो. काय करू?'

याने लिफ्टच्या खड्ड्यातूनच उत्तर ठोकलं, 'भिंग पुसा, काका. नाहीतर नवीन घ्या.' सत्तावीस जणांनी अंगठे दिले.

काकांनी चार दिवस भिंग पुसलं. पाचव्या दिवशी उजवा डोळा गेला. डोळ्याच्या आतला पडदाच सुटला होता. "पहिल्या दिवशी यायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

तो काकांना भेटायला घरी गेला.

"या, डॉक्टरसाहेब!" दार उघडता उघडता काकू म्हणाल्या.

टेबलावर अर्धवट खोललेलं घड्याळ होतं, धूळ बसू नये म्हणून वर पेला पालथा घातलेला.

"काका, डोळ्याला होतंय असं सरळ का नाही लिहिलंत?"

"तू पुसून टाकलं असतंस ना! म्हणून भिंगाच्या नावावर खपवलं."

"नियम काढून टाकतो, काका. विचारू दे ज्याला जे विचारायचंय ते."

"आणि ते तुझे सत्तावीस अंगठेबहाद्दर औषधं वाटत बसतील? औषध नको रे. पण कुणी काही पुसलं, तर ते पुसू नकोस. 'आजच डॉक्टर गाठा' एवढंच लिही. अन् संध्याकाळी फोन करून पूस, गेलात का म्हणून."

काका त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर अंदाज चुकला. हात खांद्याच्या अलीकडेच हवेत थांबला. याने खांदा पुढे केला. खिशात काकांसाठी मागवलेलं नवंकोरं भिंग होतं. ते बाहेर काढायचा धीर झाला नाही.

"पुसेन, काका," तो म्हणाला. "प्रत्येकाला पुसेन."