बिनटायरची काहील

मी गुरुबसप्पा, गुळव्या. जळकोटच्या अलीकडं नागप्पाचं गुऱ्हाळ आहे, तिथं तीस वर्षं गूळ उतरवतो. आधी त्याच्या वडलांच्या हाताखाली, आता त्याच्या. मागची सहा वर्षं आम्ही भट्टीत उसाच्या चिपाडाबरोबर टायरचे तुकडे आणि भंगारातलं प्लास्टिक जाळत होतो. चिपाड नुसतं धुमसायचं, जाळ धरायचा नाही. टायर टाकला की काहील, ती रसाची मोठी कढई, उकळायची. काळा धूर गावावर पसरायचा, राख शेतात जायची, आणि ती टाकलेल्या ठिकाणी हरभरा पिवळा पडायचा.

माझं घर गुऱ्हाळाच्या पश्चिमेला. थंडीत वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे धूर सरळ आमच्या दारात. शिवम्मा, माझी बायको, चार वर्षं खोकली आणि गेल्या माघात गेली. लातूरच्या डॉक्टरनं मला विचारलं होतं, "घराजवळ काही जळतं का?" मी म्हणालो, चूल. टायरचं बोललो नाही.

मुलगी दामिनी उदगीरला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ती आली नाही. नातू आता दोन महिन्यांचा आहे. मी दोनदा जाऊन बघून आलो. तिला घरी बोलावलं तर म्हणाली, "अप्पा, त्या धुरात मी लेकराला आणणार न्हाई. आईचं झालं तेवढं बास."

शिवम्मा गेल्यापासून चूल मीच पेटवतो. सुरुवातीला रोज घर धुरानं भरायचं आणि भाकरी कच्ची राहायची. एका सकाळी वैतागून चुलीतली सगळी राख ओढून काढली, आणि जाळ असा भडकला की मी मागं सरलो. ती रोज पहाटे राख काढायची. बत्तीस वर्षं मी तिला ते करताना बघितलं आणि कधी विचारलं नाही की कशाला.

तिथंच चुलीपुढं बसलो असताना मला आठवलं. गुऱ्हाळाच्या भट्टीला खालून पूर्वेकडं एक तोंड होतं. त्यातून राख निघायची आणि वारा आत शिरायचा. सहा वर्षांपूर्वी समोर बसवण्णाचं देऊळ बांधलं. राख देवाच्या तोंडावर उडायला नको म्हणून ते तोंड आम्ही बंद केलं. विटा मी स्वतः लावल्या होत्या, नारळ फोडून.

मी तसाच अर्धी भाकरी टाकून गुऱ्हाळात पळालो. नागप्पानं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"मामा, देवापुढं भट्टीचं तोंड उघडू म्हणता? गाव काय म्हणंल?"

"अरे, वारा फिरला की आता देवावर काजळी बसतीय ते बघ की. दर सोमवारी नंदीला साबण लावून धुतात. पांढरा नंदी असा काळा पडलेला बघितलायस कुठं?"

भट्टीत जाळ घालणारा शेषेराव चिपाडाच्या ढिगावरनं ओरडला, "मालक, देवालाबी खोकला लागलाय!"

नागप्पा हसला, पण कबूल झाला नाही. शेवटी असं ठरलं. आठ दिवस मी चिपाड खळ्यावर पसरून वाळवायचं. मग एक दिवस तोंड उघडायचं आणि एक काहील नुसत्या चिपाडावर उतरवायची. टायरवर अडीच तास लागतात. तेवढ्यात उतरली तर टायर कायमचा बंद. नाही उतरली तर विटा परत लावायच्या आणि मी पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"टेम्पोवाल्या मलप्पाला तयार ठेवतो," नागप्पा म्हणाला. "देगलूरचा टायरचा माल भरूनच हाय. एक फोन केला की निघतो."

आठ दिवस मी चिपाड उलटंपालटं करत होतो. कंबर गेली, पण हाताला कडकड वाजणारं चिपाड बघून मजा वाटायची.

मंगळवारी सकाळी आठला मी पहार घातली. पहिली वीट निघाली आणि गार वारा सर्रकन आत शिरला. मागं, वरून काढता न आलेली सहा वर्षांची राख साचली होती. ती ओढता ओढता शेषेराव आणि मी भुतासारखे झालो.

"मामा, नातवानं आता बघितलं तर बोबडी वळंल त्याची," शेषेराव म्हणाला.

"बघू दे तर आधी," मी म्हणालो.

सव्वादहाला जाळ लागला. पहिला अर्धा तास वाईट गेला. भट्टी गार होती, धूर पांढरा आणि दाट. नागप्पा मनगटावरचं घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. मग तो बाहेर निघून गेला. साडेअकराला भट्टी घुमायला लागली. खरंच घुमत होती, गिरणीसारखी. शेषेराव एक मोळी टाकायचा तर आत ती भुस्सकन संपायची.

"लई खातीय मामा! हात पुरंना!"

"घाल, घाल! थांबू नको!"

रस उसळला. मी रसावरची मळी काढत होतो, घाम डोळ्यात जात होता, आणि मला हसू येत होतं. एवढ्यात नागप्पा धावत आला.

"विझली ना? मला वाटलंच होतं! देवळापासून बघितलं, चिमणीतून धूर न्हाई काही न्हाई. मी मलप्पाला फोनबी लावला, निघाला तो."

शेषेरावनं नागप्पाला दंड धरून भट्टीपुढं आणलं. आतला पिवळाधमक जाळ बघून नागप्पा उभाच राहिला. मग बाहेर गेला, चिमणीकडं बघितलं, परत आत आला, परत बाहेर गेला.

"आयला, धुराबिगर जाळ!"

पावणेएक व्हायला दहा मिनिटं होती. पाक घट्ट होत होता, पण आला नव्हता. मी थोडा पाक गार पाण्यात सोडला. गोळी मऊच. पुन्हा जाळ, पुन्हा ढवळणं. पावणेएक वाजून गेले. दुसरी गोळीही मऊ. तिसरी गोळी परातीवर आपटली तर टणकन वाजली.

"उतरवा!"

शेषेराव, मी आणि दोन गडी, चौघांनी काहील ओढून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली. बारा एक्कावन्न. सहा मिनिटं जास्त.

नागप्पानं गूळ कालथ्यावर घेतला, फुंकला, तोंडात टाकला. उजेडात धरून बघितला. सोन्यासारखा रंग, जळका वास नाही.

"मामा, तुम्ही हरलात."

"हाव," मी म्हणालो.

"सहा मिनिटांनी. आन् तीबी पहिला अर्धा तास भट्टी गार होती म्हणून." त्यानं बोटं चाटली. "उद्या गरम भट्टीवर घेऊ. ते तोंड राहू द्या उघडं. राख उडणार न्हाई असा कट्टा बांधतो देवापुढं. मळीचं पाणीबी नाल्यात सोडून राहिलोत आपण, त्याचंबी बघू. पण एका दिवशी एकच, मामा!"

शेषेरावनं मला उचललं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला उचललं त्यानं!

मी तिथूनच दामिनीला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या आईसारखं नेमकं विचारलं, "अप्पा, शेडमागं टायरचा ढीग असतो. तो हाय का गेला?"

ढीग होता. माझ्या कंबरेएवढा.

"म्हणजे लागंल तसा जाळणार. तो उचलल्याबिगर मी येणार न्हाई."

तेवढ्यात दारात भरलेला टेम्पो येऊन थांबला. मलप्पा उतरला. "कुठं टाकू माल, मालक?"

नागप्पानं माझ्याकडं बघितलं. मी फोन चालूच ठेवला, म्हणजे तिला ऐकू जावं.

"मलप्पा," नागप्पा म्हणाला, "टाकू नको. मागचा फाळका उघड, अजून भरायचंय."

"मालक, डोकं ठिकाणावर हाय का? आणायचं सोडून न्यायला सांगता?"

"हाव! जिथनं आणलं तिथं परत!"

शेषेराव आणि मी शेडमागं पळालो. पहिला टायर मी फाळक्यावर फेकला तेव्हा फोनमधून दामिनी म्हणत होती, "किती झाले, अप्पा? मोजा मोठ्यानं!"

"एक!" मी ओरडलो, आणि दुसरा उचलायला वाकलो.