नाक नसलेला डोळा

"पोरी, या डोळ्याला नाक नाही, एवढं ध्यानात ठेव."

मित्रांनो, हे बोल माझ्याबद्दलचे आहेत. आमच्या कारखान्यातल्या वयस्क बुरुल आपा ते बोलल्या तेव्हा तरुण चिनारा हसली होती. "आपा, कॅमेऱ्याला नाक कशाला हवं? त्याला काय शेंबूड येतो?" असं म्हणून तिने विषय संपवला होता. मला मात्र राग आला होता. नाक नाही तर नाही, डोळा तर लख्ख होता ना माझा!

मी एक जुना कॅमेरा आहे. कॉम्प्युटरच्या पडद्याला वरून चिमटा लावून बसवतात ना, तसला, कोंबडीच्या अंड्याएवढा. दूरच्या एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलीने माझ्यासमोर तळहात हलवला, मी तो नीट दाखवला आणि तिने मला खोक्यात बंद केलं. मी पाहिलेला तो पहिला हात. खोकं उघडलं तेव्हा समोर लोकरीचे ढीग होते आणि बायका गरम पाण्यात भिजवलेली लोकर कोपरांनी दाबत होत्या. हा डोंगरांतल्या कोच्कोर गावातला नमद्यांचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गालिच्यांचा कारखाना. इथले जाड, रंगीत नमदे परदेशात जातात.

माझं एक दुःख आधीच सांगून टाकते, नाही, टाकतो. (चिनाराजवळ राहून मी तिच्यासारखं बोलायला लागलोय.) ज्या पडद्यावर मी बसतो, तो पडदा मला कधीच दिसत नाही. मला दिसतात फक्त त्याच्याकडे बघणारे चेहरे. पलीकडे काय चाललंय, हे मी त्या चेहऱ्यांवरून ओळखतो.

या कारखान्याचा जीव होत्या बुरुल आपा. तांबडा आणि काळा असे दोन नमदे एकावर एक ठेवून त्या एकाच सुरीने दोन्हींतून नक्षी कापायच्या. तांबड्याची नक्षी काळ्यात बसायची, काळ्याची तांबड्यात. चिंधीसुद्धा वाया जायची नाही. त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही नमदा गावाबाहेर जात नसे. पण त्या राहायच्या वरच्या गावी, एकट्या. दर सोमवारी छोट्या बसने दीड तास धक्के खात खाली यायच्या. गुडघे बोलायला लागले, तेव्हा कारखान्याचे प्रमुख ताबिल्दी बाइके, म्हणजे ताबिल्दीदादा, म्हणाले, "आता आपांना घरूनच बोलू दे. गिऱ्हाइकांशीही तसंच बोलता येईल. चिनारा, तू कॉलेजात शिकलीस. पडद्यावरच्या बैठकीसाठी कुठली सेवा घ्यायची, ते तू ठरव."

चिनाराने ते काम फार मनावर घेतलं. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. पाळण्यात बाळ झोपलं की चिनारा दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बायका चिडवायच्या, "अगं, त्या पोरीला जरा सुखाने श्वास घेऊ दे!" अशी ही काळजीवाहू बाई. सेवा निवडतानाही तिने वहीत दोन रकाने आखले आणि दोन सेवा महिनाभर वापरून बघायला घेतल्या.

पहिली सेवा लग्नाला निघालेल्या करवलीसारखी होती. चित्र झुळझुळीत. तिच्यात आपल्या पाठीमागे हवं ते दृश्य लावता यायचं. बाइकेंनी लगेच बर्फाचे डोंगर लावले. खिडकीबाहेर खरेखुरे डोंगर उभे होते, ते सोडून! सेवा विकायला राजधानीहून, बिश्केकहून आलेला मक्सात अभिमानाने सांगायचा, "रेंज गेली तरी आमचं चित्र तुटत नाही. शेवटचं चांगलं चित्र आम्ही धरून ठेवतो. समोरच्याला खड्डा जाणवतच नाही."

दुसरी सेवा साधी होती. रेंज गेली की तिचं चित्र सरळ काळं पडायचं आणि खाली अक्षरं यायची, 'संपर्क तुटला'. साध्या फोनवरून नंबर फिरवूनही तिच्यात बोलता यायचं. बाइके नाक मुरडून म्हणाले, "गिऱ्हाइकापुढे तोंड काळं करणारी सेवा कशाला हवी?"

चिनाराच्या वहीतही पहिल्या सेवेचा रकाना वर चढला. आपांच्या नातवाने त्यांना एक टॅब आणून दिला. दर सोमवारी त्या पडद्यावर येऊ लागल्या आणि बसने यायच्या बंद झाल्या. पूर्वी त्या आल्या की कुणी त्यांचे पाय चेपायचं, कुणी त्यांच्यासोबत परत वरपर्यंत जाऊन चूल भरून द्यायचं. तेही बंद झालं. दिसतायत ना दर सोमवारी, मग जायचं कशाला? माझं तर कौतुकच कौतुक. "हा छोटा डोळा केवढं काम करतो!" आणि मी फुगत होतो.

मग जानेवारीतला तो सोमवार आला. रात्रभर बर्फ पडला होता. बैठक नेहमीसारखी आपांच्या आशीर्वादाने सुरू झाली. आमच्याकडे वडीलधारं माणूस तळहात उघडून आशीर्वाद देतं, मग 'ओमिन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतं, आणि मगच बाकीच्यांनी हात खाली घ्यायचे. आधी घेणं म्हणजे मोठा उद्धटपणा.

आपा म्हणाल्या, "पोरींनो, तुमच्या हाताला..." आणि पुढे आवाज नाही.

माझ्यासमोर नऊ जणींचे आणि बाइकेंचे तळहात उघडे होते. मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"आज आपांनी लांबलचक धरलाय," बाइके ओठ न हलवता पुटपुटले.

"मनातल्या मनात देत असतील. हसतायत बघा किती छान," सूत काढणारी अनारकान म्हणाली.

"माझे खांदे गळायला आले गं."

"गप्प बस. आशीर्वाद आहे तो, गवताचा भारा नाही!"

मित्रांनो, मला पडदा दिसत नव्हता. पण मला चिनाराचा चेहरा दिसत होता. तिच्या मांडीवर बाळ होतं, हात उघडे होते, आणि तिची नजर आपांच्या चेहऱ्यावरून हळूच खाली घसरली. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने ते केलं, जे त्या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं. तिने हात खाली घेतले.

"चिनारा!" बाइके गरजले. "मोठ्यांच्या आधी?"

"बाइके, पियालीतली वाफ बघा."

"कसली वाफ?"

"आपांच्या पुढ्यातल्या चहाची. हलत नाहीये. हे चित्र आहे, आपा नाहीत!"

सगळे हात एकदम खाली आले. चिनाराने आपांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. "नाक नाही, नाक नाही," ती एवढंच पुटपुटत होती, आणि बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं. मग तिने आपांच्या शेजारणीला फोन लावला. "उर्किया एजे, आत्ताच्या आत्ता आपांकडे धावा. फोन चालूच ठेवा."

फोनमधून बर्फात पावलं बुडल्याचा आवाज आला. दार आपटलं. मग उर्कियाचा खोकला. "कोळशाचा धूर कोंडलाय गं! आपा कलंडल्यात!"

"खिडकी फोडा! त्यांना बाहेर ओढा!" चिनारा ओरडली.

बर्फाने वरच्या गावची इंटरनेटची रेंज गेली होती आणि आपांच्या धुराड्याचं तोंडही बुजलं होतं. चुलीचा धूर आणि त्यातला विषारी वायू घरातच कोंडला होता. आणि आमच्याकडे, माझ्या खालच्या पडद्यावर, आपा मात्र छान हसत होत्या.

पुढची वीस मिनिटं मी नुसते चेहरे बघितले. अनारकानचे हात पुन्हा आपोआप उघडले होते. शेवटी गावच्या दवाखान्यातला माणूस प्राणवायू घेऊन पोचला, आणि आणखी बऱ्याच वेळाने फोनमधून एक घोगरा, चिडका आवाज आला.

"कार्ट्यांनो, मी ओमिन म्हटलं नव्हतं. हात खाली कुणी घेतले?"

खोलीत जो हशा उसळला, आणि त्या हशात जी रडारड मिसळली, तशी मी कधी ऐकली नाही. बाइके पाठ फिरवून डोळे पुसत म्हणाले, "या चिनाराने घेतले, आपा. तिलाच शिव्या द्या."

"तिचं मी बघते," आपा म्हणाल्या. "ओमिन." आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

गुरुवारी मक्सात पुन्हा आला. चिनाराने वही उघडली. पहिल्या सेवेच्या रकान्यावर आडवी रेघ होती. "आम्हाला तुटलं की तुटलं म्हणून सांगणारी हवी," ती म्हणाली. बाइकेंनीही मान डोलावली. "काळं तर काळं. पण खोटं हसू नको." दुसरी सेवा घेतली गेली, आणि तिच्यासोबत मोठा, नवा कॅमेराही आला.

माझा चिमटा निघाला. दोन महिने मी लोकरीच्या टोपलीत तळाला पडून होतो. वाटलं, झालं माझं. आपल्याला काही वाईट वाटत नाही असं स्वतःला समजावत होतो, पण वाटत होतं. कारण त्या हसऱ्या चित्रावर मीही भरवसा ठेवला होता. आपा बऱ्या झाल्यावर खाली आल्या तेव्हा टोपलीत हात घालताना मी त्यांना सापडलो. "हा बिननाकाचा इथे का कुजतोय?" म्हणत त्यांनी मला एक नमद्याची टोपी शिवली आणि खिडकीत ठेवलं, रस्त्याकडे तोंड करून.

आता मी कशालाच जोडलेला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला चेहऱ्यांपलीकडचं दिसतं. समोर बसथांबा आहे. सोमवारी बैठक संपली की कारखान्यातलं कुणीतरी एक जण वरच्या गावची बस पकडतं. ही पाळी चिनाराने लावून दिली आहे. ज्याची पाळी असेल तो आपांच्या घरात शिरताच आधी नाकाने श्वास घेतो, मग धुराडं बघतो, मग चहा पितो. काल चिनारा गेली होती, बाळाला पाठुंगळी घेऊन.

बैठक संपवताना ती आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, आणि मित्रांनो, तोच मी तुम्हाला विचारतो. तुम्हाला पडद्यावर रोज दिसणारं, 'मी बरी आहे' म्हणून हसणारं असं कुणी आहे का? मग आज जरा त्यांच्या दारात जा. जमत नसेल तर त्यांच्या शेजाऱ्याला फोन करा. आणि आत पाऊल टाकल्यावर एक खोल श्वास घ्या. तेवढं एक माझ्याने होत नाही.