शालूबाईंकडे ठेवलेली चावी

इलाही मुल्लांना त्यांच्या गावी, कवठे महांकाळला माती दिली आणि त्यांची लेक सलिमा चाळिसाव्या दिवसापर्यंत तिथंच राहिली. निघताना मलकापूरच्या भाड्याच्या घराची चावी तिनं घरमालकाच्या आईकडे, शालूबाईंकडे दिली होती. दर ईदला गावी जाताना बापलेक तेच करत. शालूबाई मागच्या मोगऱ्याला पाणी घालत.

परतली तर दाराला नवं कुलूप. शालूबाईंचा मुलगा, घरमालक नानासो म्हणाले, भाडेकरू वारले, चावी तूच आणून दिलीस, म्हणजे घर सोडलंस. सामान कवाबी ने.

कराडच्या वकील संयोगिताताईंपुढं सलिमानं जुन्या कागदांची पिशवी उलटी केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"कुलूप लागून किती दिवस झाले?"

"आठवडाभर."

"मग वेळ आहे. सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा."

"पण घर त्यांचंच आहे ना?"

"असू दे की. या दाव्यात मालक कोण ते बघतच नाहीत. राहत कोण होतं, आणि कायद्याची वाट सोडून, मर्जीविरुद्ध बाहेर कुणी काढलं, एवढंच."

सलिमाला हे नवलाचं वाटलं. तिनं ते कलम मागून घेतलं, उभ्यानंच दोनदा वाचलं. तेवढा वेळ तिला अब्बांची आठवण आली नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं. वडिलांसोबत राहणाऱ्या लेकीकडे भाडेकरूचा हक्क येतो, हेही ताईंनी सांगितलं. अडत होतं एकाच शब्दापाशी, मर्जी. चावी तर तिनं आपल्या हातानं दिली होती.

संध्याकाळी ती नानासोंच्या ओट्यापाशी गेली. ते तिथंच बसले होते, शालूबाई दारात होत्या. तिनं चावी मागितली नाही.

"मावशी, गेल्या ईदला आमची चावी कुणाकडं होती?"

"माज्याकडं. कवा न्हवती?" शालूबाई म्हणाल्या.

"आई, तू आत जा."

"जाते की. पन कोर्टात इचारलं तर बी ह्येच सांगीन. पोरगी बापाला माती द्याय गेल्ती, घर सोडून न्हाई."

नानासोंनी कुलूप मात्र काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दावा टाइप करताना कारकुनानं विचारलं, "राहणार?"

सलिमानं मलकापूरच्या घराचा पत्ता सांगितला.