अकराव्या कार्डाचं उत्तर

"आता अकरावा. ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलाच्या कातडीचा रंग कोणता?"

बाबांनी कार्ड पालथं केलं, मागचं उत्तर पाहिलं आणि ते थांबले. चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिलं. मग शेजारी गुण मांडत बसलेल्या लेकीकडे वळले. घसा कोरडा पडला असेल असं वाटून तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"पांढरा," बाबा माइकवर म्हणाले.

खिडकीजवळच्या टेबलावरची नर्स उभी राहिली. "मास्तर, केस पांढरे. खालची कातडी काळी असते. आम्ही काळा लिहिलंय."

"मास्तरांनी आरशात स्वतःचं डोकं बघून उत्तर लिहिलं," प्लंबर म्हणाला, आणि सगळा बार हसला.

बाबाही हसले. "बरोबर आहे तुमचं. गुण तुम्हाला. चूक माझी."

लेकीची पेन्सिल मात्र जागीच थांबली.

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर त्यांचं घर चाललं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी ते या बारमध्ये प्रश्नमंजुषा घ्यायला लागले आणि सगळ्यांचे मास्तर झाले. नऊ वर्षांत एकही उत्तर चुकलं नव्हतं. पैजा लागायच्या, त्या मास्तरांच्या शब्दावर सुटायच्या. या वर्षी बारा संघांची मोठी स्पर्धा ठरली आणि नेमकी तेव्हापासून त्यांची कार्डं घसरायला लागली. नद्या भलत्याच समुद्राला जाऊन मिळत. राजे मेल्यानंतर दहा वर्षांनी लढाया जिंकत. ते लिहायचे पेन्सिलने. म्हणून शनिवारी ते आंघोळीला गेले की लेक कार्डं काढायची, चुकलेलं खोडायची आणि त्यांच्या वळणाचं अक्षर काढून बरोबर ते लिहायची. या शनिवारी घाई होती. अस्वल आणि 'काळा' एवढंच तिला दिसलं. झालं, आता अस्वलाचा रंगही गेला, असं म्हणत तिने खोडलं. प्रश्न नीट वाचलाच नाही.

घरी जाताना बाबा फुटपाथवर मध्येच उभे राहिले.

"अकराव्याला मी आधी काय लिहिलं होतं गं?"

"आधी म्हणजे?"

"तू खोडायच्या आधी. अगं, तुझं अक्षर मीच वळवलंय. मला ओळखू येणार नाही होय? कितीतरी दिवस बघतोय. बरं करतेस, लाज राखलीस माझी." त्यांनी दम घेतला. "आज वाटलं होतं, काळाच असावा. पण तू पांढरा लिहिलंयस, मग म्हटलं, आपलंच डोकं फिरलं असणार."

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि लाजून मागे फिरला.

"आठवत नाही, बाबा."

"मग चुकलोच असेन." ते चालू लागले. "अंतिम फेरी तू घे. माझा काही भरवसा नाही आता."

दाराशी आल्यावर त्यांनी खिशातलं खोडरबर काढून तिच्या हातावर ठेवलं. झिजून नखाएवढं राहिलं होतं.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी ते दिवसभर खुर्चीत गप्प बसून होते, म्हणून राहिलं. मंगळवारी सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते त्याच खुर्चीत होते, अंग गार पडलेलं. कप हातात धरून ती उभी राहिली. चहावर साय धरली तरी तिला खाली ठेवायचं सुचलं नाही.

"ताई, अंतिम फेरी पुढे ढकलायची का?" बारमालकाने फोनवर विचारलं.

"नको. कार्डं लिहून ठेवलीत त्यांनी."

त्यातलं एकही तिने तपासलं नाही. रविवारी होती तशी वाचली. तीन उत्तरं चुकीची निघाली. संघांनी खाली मान घालून ती हळू आवाजात दुरुस्त केली, तिने गुण दिले. कोणी हसलं नाही. त्या न हसण्यानेच तिला जास्त लागलं.

शेवटी प्लंबर ग्लास घेऊन उठला. डोळे पाणावले होते बिचाऱ्याचे. "मास्तरांच्या पांढऱ्या अस्वलासाठी," तो म्हणाला. सगळे उठले. सगळ्यांचे ग्लास वर गेले. नऊ वर्षांतल्या हजारो उत्तरांपैकी बारला आठवत होतं ते एवढंच.

तिने पर्समधून ते अकरावं कार्ड काढलं. उजेडात तिरपं धरलं की खोडलेल्या अक्षरांचे वळ अजून दिसत. बाबा पेन्सिल फार दाबून लिहायचे.

"काळा," ती माइकवर म्हणाली. "त्यांनी काळाच लिहिलं होतं. ते खोडून पांढरा मी लिहिलं."

ग्लास अर्ध्यावर राहिले.

"असू दे ताई," नर्स म्हणाली. "गुण तर मिळालेच होते आम्हाला."

तिने मान हलवली. माइक बंद केला. शेजारच्या खुर्चीवर बाबा बसायचे, आज तिथे तिची पर्स होती. ती उचलून तिने मांडीवर घेतली.

"मला आठवत होतं, बाबा," ती म्हणाली.