आजोबांची नाडी

अगं तू आधी ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल.

काल आमची प्रॅक्टिकल होती, नर्सिंगची पहिल्या वर्षाची. ही सुटली की सोमवारपासून वॉर्ड. नाही सुटली तर सहा महिने थांबा आणि मागून येणाऱ्या बॅचच्या पोरींबरोबर पुन्हा द्या. आई तर निकालाआधीच सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळी झाली होती, लेक सोमवारपासून पेशंट बघणार म्हणून.

आमचं विद्यापीठ म्हणजे एक गावच आहे, तुला माहितीये. परीक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये. दहा खाटा, मध्ये पांढरे पडदे, दर पाच मिनिटांनी घंटा. घंटा झाली की पुढच्या खाटेकडे सरकायचं. एक जरी खाट चुकली तरी नापास. नऊ खाटांवर प्लास्टिकचे पेशंट, त्यातल्या एकाचा तर हातच निखळलेला. आणि चौथ्या खाटेवर खरा माणूस, आमचे पेशंट आजोबा.

हे आजोबा पूर्वी बस चालवायचे. रिटायर झाल्यापासून आमच्या सरावासाठी पेशंट व्हायला येतात. म्हणतात, मला आजवर सगळे आजार होऊन गेलेत, बाळंतपण तेवढं राहिलंय. पण परीक्षेत त्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून काल तोंडाला कुलूप लावून पडलेले.

मला त्यांची नाडी मोजायची होती. पूर्ण एक मिनिट. मार्क देणाऱ्या आमच्या मॅडम कोपऱ्यात कागद घेऊन बसल्या होत्या. माझे हात बर्फ झालेले. मी त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, आणि कसं सांगू, सगळं लांब गेलं. खिडकीतून ऊन येत होतं, पडदा फुगायचा, परत बसायचा, जणू हॉलच श्वास घेतोय. आणि बोटाखाली ते ठोके. मला वाटलं कुणीतरी लांब व्हरांड्यातून चालत येतंय, भरभर, माझ्याचकडे. मी मोजतेय आणि त्याच्याबरोबर चालतेय. इतकं छान वाटत होतं ना, मिनिट संपूच नये असं.

एकशे सोळा. मी मोठ्याने सांगितलं.

मॅडमनी मान वर केली. उठल्या, आजोबांचं दुसरं मनगट धरलं. तोवर आजोबांचा चेहरा पडला होता. त्यांचा मोठा भाऊ असाच बसल्या बसल्या गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत. मॅडमनी मोजलं, शंभर. म्हणाल्या, पडून असलेल्या माणसाला एवढे नकोत, खाली जाऊन ईसीजी काढून घ्या. आणि मला म्हणाल्या, "बरं पकडलंस."

मॅडम कुणाला बरं म्हणत नाहीत गं. मी हवेत. घंटा झाली, पाचव्या खाटेवर गेले, प्लास्टिकच्या पायाला पट्टी गुंडाळायला घेतली. पट्टीचं टोक दाबून धरायला अंगठा ठेवला आणि तिथेच थांबले.

अंगठा. मी आजोबांची नाडी अंगठ्याने धरली होती. घाबरले होते ना, हात धरावा तसा धरला त्यांचा. आणि आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय की तीन बोटं ठेवायची, अंगठा कधीच नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी असते. म्हणजे ते भरभर चालत येणारं कुणी नव्हतंच. ती मीच होते. आणि आजोबांचे शंभर? ते माझा आकडा ऐकून घाबरले म्हणून.

उरलेल्या पाच खाटा कशा केल्या, देव जाणे. सुटले ती जिन्यावरून धावत खाली. आजोबा ईसीजीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले. समोर लांब व्हरांडा, कुणीच नाही, नुसतं फरशीवर ऊन. मुलीला फोन करून बोलावून घेतलं होतं त्यांनी. मला बघून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पोरी, तू नसतीस तर मला कळलंच नसतं."

आता सांग.

मी शेजारी बसले. तीन बोटं नीट ठेवली. अठ्ठ्याण्णव. मग बोटं तशीच ठेवून सगळं सांगून टाकलं, अंगठा, व्हरांडा, सगळं. आणि माझ्या बोटांखाली ना, त्यांचे ठोके हळूहळू सावकाश व्हायला लागले. जणू उतारावरची बस त्यांनी अलगद स्टॉपवर आणली. किती वेळ बसलो कोण जाणे. पुन्हा मोजले, चौऱ्याहत्तर.

मग आजोबा हसायलाच लागले. म्हणाले, म्हणजे एवढा वेळ मी तुझ्या हार्टची काळजी करत होतो. ईसीजीला नंबर आलाच होता तर काढून घेतला, छान निघाला. जाताना मात्र थांबले. "हे बघ, परीक्षेत मला बोलायची परवानगी नाही. मी काही बोलणार नाही."

म्हणजे कळलं ना तुला? सगळं तिथेच मिटत होतं. पूर्ण मार्क, वर शाबासकी, सोमवारी वॉर्ड.

मी जिना चढले. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, परत फिरावं. मॅडम कागद लावत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग नुसतं स्वतःचं मनगट पुढे केलं. मी तीन बोटं ठेवली, मिनिटभर मोजलं, ब्याऐंशी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरोबर." आणि माझ्या कागदावर चौथ्या खाटेसमोर रेघ मारली. सहा महिन्यांनी ये म्हणाल्या.

आईला अजून सांगितलं नाहीये. रूममेट म्हणते, पेशंट ठणठणीत, मॅडम खूश, मग हे हरिश्चंद्रपण कुणासाठी? काल रात्रभर रडले. पण मधूनच डोळे मिटले की ते सावकाश होत जाणारे ठोके येतात बोटांखाली, आणि माझं रडणं थांबतं.

तू बोल ना आता. तू चढली असतीस तो जिना?